स्टेअरिंग थरथरतंय? आधी विचारा, मग उघडा!

यंत्रं बोलत नाहीत असं म्हणतात. पण आपल्या या सदराच्या वाचकांना ते पटणार नाही. यंत्रं कुरकुरतात, खडखडतात, धापा टाकतात, तापतात. ती आपापल्या परीनं तक्रारच सांगत असतात. आपल्याला फक्त ती भाषा कळायला हवी. आजची तक्रार आहे एका म्हाताऱ्या जीपची, आणि तक्रार एकाच शब्दाची आहे : थरथर!

वडूजच्या आसपासच्या मुलांना जीपची ओळख करून द्यायला नकोच. पुण्या-मुंबईच्या मुलांना मात्र 'वडाप' हा शब्द समजावून सांगावा लागेल. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे गावोगावची माणसं भरून नेणारी जी जीप असते, तिला म्हणतात वडाप. एस.टी. चुकली की वडाप! बाजाराच्या दिवशी माणसं, पाट्या, पिशव्या, एखादं कोकरू, सगळं एकाच जीपमध्ये. अशा कितीतरी जीप आता वीस-पंचवीस वर्षांच्या झाल्या आहेत. काहींचं वडाप सुटलं आणि त्या शेताच्या कामाला लागल्या. कांदा-बटाट्याची पोती आणतात, लग्नाचं सामान नेतात, आणि वेळ आली तर रात्री-अपरात्री आजारी माणसाला साताऱ्याला पोहोचवतात.

समजा, तुमच्या घरी किंवा शेजारी अशी एक 'एमएच ११' जीप आहे. वडूजहून पुसेगावकडे निघाली की काही अंतर ती गुण्यागोविंदानं चालते. वेग वाढला की स्टेअरिंग थरथरायला लागतं. चालवणाऱ्या काकांचे हात असे हलतात, जणू हुडहुडी भरलीय! तुम्ही विचारलंत, "काका, हे काय होतंय?" तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "जुनी गाडी आहे बाबा. चालायचंच!"

थांबा. इथंच खरी गडबड आहे. गाडी जुनी असणं हे थरथरण्याचं कारण नव्हे. नीट राखलेली चाळीस वर्षांची जीपसुद्धा सरळ चालते, आणि चार महिन्यांची कोरी गाडीसुद्धा थरथरू शकते. थरथर म्हणजे ताप. ताप हा रोग नव्हे, रोगाची खूण. कधी तो साध्या पडशाचा असतो, कधी मोठ्या दुखण्याचा. थरथरीचंही तसंच. कधी कारण असतं रिमला चिकटलेला चिखल, तर कधी चाकाचे सुटत आलेले नट. पहिलं पाण्यानं धुतलं की गेलं. दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं, तर वर्धनगडच्या घाटात चाक गाडीला सोडून पुढं धावेल!

म्हणून आज आपण डॉक्टर व्हायचं. पण आधी थोडं शास्त्र.

पन्नास ग्रॅमचा पैलवान

जुन्या जीपच्या सोळा इंची रिमवरच्या टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर असतो. म्हणजे चाकाचा एक फेरा पुरा झाला की गाडी सव्वादोन मीटर पुढं जाते. आता गणित करा. ताशी ४० किलोमीटर वेगात चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेतं. ताशी ८० ला दहा.

समजा, रिमच्या कडेला एका जागी पन्नास ग्रॅमचं जादा वजन आहे. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे. त्यानं एवढ्या मोठ्या जीपचं काय बिघडणार? पण दोरीला दगड बांधून गरगरा फिरवून बघा. दगड हाताला बाहेर ओढतो, आणि जोरात फिरवला तर जास्तच ओढतो. चाकातही तेच होतं. ताशी ४० ला हे पन्नास ग्रॅम चाकाला साधारण एक किलो वजनाच्या ताकदीनं बाहेर ओढतात. मग ताशी ८० ला किती? दोन किलो? नाही, चार किलो! वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. आणि ही ओढ सेकंदाला दहा वेळा दिशा बदलते. जड जागा वर आली की चाक वर, खाली गेली की खाली, पुढं आली की पुढं, मागं गेली की मागं. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं, ती खिळ चाकाच्या आतल्या बाजूला असते. त्यामुळे पुढं-मागं बसणारा प्रत्येक हिसका चाकाला थोडं वळवतो. चाक वळलं की त्याला जोडलेले दांडे हलतात, आणि दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला असतं काकांच्या हातातलं स्टेअरिंग.

पण मग एक कोडं उरतं. वेग वाढला की ओढ वाढते, तर थरथरही वाढतच जायला हवी. पुष्कळदा असं दिसतं की गाडी पन्नासपर्यंत ठीक असते, साठच्या आसपास थरथरते आणि सत्तरच्या पुढं पुन्हा शांत होते. हे कसं?

नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याची स्वतःची एक लय असते. त्या लयीत, नेमक्या वेळी, एका बोटानं ढकललं तरी झोका आभाळाला टेकतो. लय सोडून दोन्ही हातांनी ढकला, तो अडखळतो. जीपचा पुढचा आस, कमानपाटे, टायर आणि स्टेअरिंगचे दांडे मिळून असाच एक झोका असतो. त्याचीही लय ठरलेली. चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की थरथर एकदम फुगते. लय मागं टाकली की कमी होते. याला म्हणतात अनुनाद. म्हणून 'कोणत्या वेगाला?' हा आपला सगळ्यात मोलाचा प्रश्न.

जीप आणि भोवरा

जीपची एक खोड मात्र वेगळी आहे. गाडी नीट चाललेली असते, मध्येच खड्डा लागतो आणि स्टेअरिंग असं डावीकडे-उजवीकडे आपटायला लागतं की आवरत नाही. गाडी जवळजवळ थांबवावी लागते, तेव्हा कुठं ते शांत होतं. फिटर म्हणतात, "गाडी वॉबल मारतेय."

याच्या मुळाशी आहे तुमचा भोवरा! जोरात फिरणाऱ्या वस्तूला कलवलं, तर ती मुकाट कलत नाही. ती बाजूला वळते. करून बघायचं असेल, तर सायकलचं पुढचं चाक मोठ्या माणसाकडून काढून घ्या. आसाची दोन्ही टोकं दोन हातांत घट्ट धरा, मित्राला चाक जोरात फिरवायला सांगा आणि मग ते झटकन कलवा. चाक तुमच्या हातांना चक्क दुसरीकडे वळवू बघेल!

जुन्या जीपची पुढची दोन्ही चाकं एकाच जाड आसाला जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढलं की अख्खा आस कलतो, आणि दोन्ही फिरती चाकं कलतात. कलली की वळतात. वळली की टायर त्यांना परत ओढतो. ती जास्त परत येतात, पुन्हा आस हलतो... आणि फुगडी सुरू! सगळे सांधे घट्ट असतील तर ही फुगडी दोन गिरक्यांत थांबते. सांधे ढिले असतील तर थांबत नाही. किंगपिनमध्ये थोडी ढिलाई, टायरॉडच्या टोकात थोडी, स्टेअरिंगच्या पेटीत थोडी, बेअरिंगमध्ये थोडी. थेंबे थेंबे तळे साचे!

ही डोकेदुखी आपल्याच गावची आहे असं समजू नका. १९२० नंतर परदेशात मोटारींना जाड, कमी हवेचे, फुगीर टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेकही आले, आणि एका जाड आसावरच्या मोटारी वॉबल मारायला लागल्या. तेव्हा मोठमोठे इंजिनिअर याच कोड्यावर डोकं खाजवत होते. मग एक उपाय निघाला : पुढच्या दोन्ही चाकांना एका आसाला बांधायचंच नाही, प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होऊ द्यायचं. अमेरिकेत १९३४ च्या सुमाराला मोठ्या कंपन्यांच्या मोटारी अशा यायला लागल्या. आजच्या बहुतेक मोटारी तशाच असतात. जीपनं मात्र जाड आस सोडला नाही, कारण ढेकळांतून, ओढ्यांतून जायला तो दणकट. दणकटपणा घेतला की सांध्यांची काळजीही घ्यावी लागते.

वहीतले पाच प्रश्न

आता डॉक्टरकी. काकांचं लक्ष रस्त्यावर असतं, ते बरोबरच आहे. तुम्ही मागं बसलेले असता. तुमच्याकडे वेळ आहे, डोळे आहेत, कान आहेत. एक छोटी वही घ्या आणि आठवडाभर या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा.

१. केव्हा? गाडी उभी असून इंजिन चालू असतानाही थरथरते का? तसं असेल तर चाकांना दोष देऊ नका. चाक फिरतच नाही, मग थरथर कुठून? ते काम इंजिनचं किंवा इंजिनखालच्या रबरी बैठकांचं.

२. कोणत्या वेगाला? ठरावीक वेगालाच थरथर येऊन जात असेल, तर पहिला संशय चाकाच्या तोलावर. अगदी सावकाश, वीस-पंचवीसच्या वेगालाही स्टेअरिंग डुलत असेल, तर टायरला फुगा आलाय का, रिम वाकलीय का, नट ढिले आहेत का ते बघायचं. आणि लगेच बघायचं, उद्या नाही!

३. ब्रेक दाबल्यावरच का? तसं असेल तर ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क. लांब उतारावर ब्रेक दाबून धरले की ते भयंकर तापतात. ड्रमचा गोलपणा बिघडतो, डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहत नाही. मग ब्रेक एका फेऱ्यात एकदा घट्ट, एकदा सैल धरला जातो. म्हणूनच घाटात खालचा गिअर टाकून उतरायचं असतं.

४. कुठं जाणवते? थरथर स्टेअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाकं. बसायच्या जागेखाली, पायाखाली असेल तर मागची चाकं किंवा मधला फिरता दांडा.

५. काय झाल्यापासून? हा प्रश्न पुष्कळजण विसरतात. पंक्चर काढल्यापासून? टायर बदलल्यापासून? मोठा खड्डा बसल्यापासून? पाऊस झाल्यापासून? येरळेकाठच्या काळ्या मातीतून जीप आली की रिमच्या आतल्या अंगाला चिखलाचे गोळे बसतात आणि वाळून दगड होतात. बाहेरून गाडी धुतलेली दिसते, आत मात्र पाव-अर्धा किलो ओझं! वरचं पन्नास ग्रॅमचं गणित आठवतंय ना?

एक लक्षात ठेवा. गाडी थरथरत नाही, पण एका बाजूला ओढते, ही वेगळी तक्रार आहे. तिथं टायरमधली हवा कमी-जास्त असणं, चाकांची दिशा बिघडणं किंवा एखादा ब्रेक चिकटून राहणं ही कारणं शोधायची. दोन रोगांना एकच औषध देऊ नका.

आधी फुकटचे उपाय

तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. जे फुकट आहे ते आधी, जे महाग आहे ते शेवटी.

आधी चिखल खरवडून काढायचा. मग चारही टायरची हवा बघायची. मग नट. जीपच्या चाकाला पाच नट असतात. ते ओळीनं नाही आवळायचे. एक आवळला की समोरच्या बाजूचा, अशी चांदणी काढत जायचं. म्हणजे रिम वाकडी बसत नाही. चाक काढून लावलं असेल तर थोडं अंतर चालवून नट पुन्हा बघायचे. इथं एक गंमत सांगतो. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असायचे. चाक ज्या दिशेला फिरतं, त्यानं नट सुटू नये म्हणून. ज्याला हे माहीत नसेल, तो नट सोडवायला जोर लावेल आणि आवळत बसेल!

मग टायर. गाडी उभी असताना टायरकडे नीट बघा. कुठं फुगा, चीर, बाहेर आलेली तार दिसते का? नुसता हात फिरवू नका, तार बोचेल. झीज कशी आहे? दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी राहिली. मधोमध झिजला तर हवा जास्त राहिली. एकच बाजू झिजली तर चाकांची दिशा बिघडली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'अलायमेंट' आऊट. जागोजागी खळगे पडले असतील तर तोल गेलाय किंवा शॉकअब्सॉर्बर थकलेत.

टायरला वयही असतं. त्याच्या अंगावर 'डीओटी' या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असले, उदाहरणार्थ २३१९, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. तीनच आकडे असले तर टायर २००० सालच्या आधीचा! नक्षी कितीही चांगली दिसली, तरी जुनं रबर कडक होतं, आतले थर सुटतात. असा टायर आपणहून सांगत नाही. पण कधी कधी थरथरून सांगतो.

पुढची पायरी मोठ्या माणसांची. तुम्ही चार हात लांब उभं राहून बघायचं. सपाट जागा, बाकीच्या चाकांमागं दगड, जॅकवर पुढचं चाक उचललेलं आणि आसाखाली भक्कम घोडी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी, अगदी कुणीही, जायचं नाही. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचं. खटखट जाणवली तर बेअरिंग किंवा किंगपिन. कोणतं ते कसं ओळखायचं? दुसऱ्यानं ब्रेक दाबून धरायचा आणि पुन्हा हलवायचं. खटखट गेली तर बेअरिंग ढिलं होतं. राहिली तर किंगपिन. आता चाक डावीकडे-उजवीकडे धरून हलवायचं. इथं खटखट आली तर टायरॉडची टोकं आणि स्टेअरिंगची पेटी. किती साधी युक्ती! एक पैसा खर्च नाही.

एवढं झाल्यावरच बॅलन्सिंगच्या मशीनकडे जायचं. मशीन चाक फिरवून सांगतं, कुठं किती ग्रॅम कमी आहेत. तिथं छोटं वजन चिकटवलं की काम झालं. पण सांधे ढिले असताना अलायमेंट करणं म्हणजे भोकं पडलेल्या घागरीत पाणी भरणं. आज सरळ, उद्या वाकडं. काही जण स्टेअरिंगला नवा डॅम्पर बसवून थरथर दाबतात. ते तापावर नुसती गोळी घेण्यासारखं आहे. ताप दिसत नाही, रोग आत वाढतो.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं विचारतील ते प्रश्न टाळू नका. त्यांची वही फिटरला दाखवा. "गाडी थरथरते" एवढंच सांगितलं की अंदाजानं एकेक भाग बदलला जातो आणि खर्च वाढतो. "ब्रेक न दाबता, साठच्या आसपास, पंक्चर काढल्यापासून" असं सांगितलं की निम्मं काम होतं. आणि जो भाग बदलायचा, तो आधी हलवून दाखवायला सांगा. चांगला फिटर आनंदानं दाखवतो.

चालताना वॉबल सुरू झालं तर स्टेअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक कचकन मारू नका. वेग हळूहळू उतरू द्या आणि कडेला घ्या. नट ढिले, टायरला फुगा किंवा वरचेवर वॉबल, या तीन गोष्टींपैकी एक जरी असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडीत माणसं बसवू नका. "एवढी एक खेप मारून येतो" म्हणायची ती जागा नव्हे. मागच्या बाकावर आपलीच मुलं असतात.

आता तुमची पाळी!

तीन जीप दवाखान्यात आल्या आहेत. रोग ओळखा.

पहिली जीप : दहिवडी रस्त्यावर छान पळते. वर्धनगडचा घाट उतरून कोरेगावजवळ आली की ब्रेक दाबताना थरथरते. ब्रेक सोडला की शांत.

दुसरी जीप : सोमवारी पंक्चर काढलं. मंगळवारी थोडी थरथर, बुधवारी जास्त, गुरुवारी सावकाश चालवतानाही डुलते आणि 'टकटक' असा आवाज येतो.

तिसरी जीप : आठ दिवस पाऊस झाला. शेतातून मायणीच्या रस्त्याला लागली की पंचावन्न ते पासष्टच्या मध्ये थरथरते. पुढं-मागं काही नाही.

उत्तरं खाली आहेत, पण आधी वहीत लिहा, मगच बघा.

घरी करून बघा : सायकल उलटी ठेवा. पुढचं चाक हळू फिरवून सोडून द्या. ते थांबताना थोडं मागं-पुढं डुलून एक जागा खाली आणतं. तीच जड जागा. आता एका आऱ्याला रिमजवळ दोन-तीन नट तारेनं घट्ट बांधा. मोठ्या माणसाला चाक जोरात फिरवायला सांगा आणि तुम्ही फक्त हँडल धरा. बोटं आऱ्यांपासून लांब! हातात जी थरथर येईल, ती काकांच्या जीपचीच धाकटी बहीण. मग बरोबर समोरच्या आऱ्याला तेवढेच नट बांधा आणि पुन्हा फिरवा. थरथर कुठं गेली? तुम्ही आत्ता 'व्हील बॅलन्सिंग' केलंत!

(उत्तरं : पहिली – तापून बिघडलेला ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क. दुसरी – सुटत आलेले नट. जीप जागच्या जागी थांबवा! तिसरी – रिमच्या आतला वाळलेला चिखल. एक बादली पाणी, एक काडी आणि तुम्ही.)